पाटी कोरी मिळाली

माझ्या दुकानात गल्ल्याशेजारी खिळ्याला एक पाटी अडकवलेली असते. लाकडी चौकटीची, पहिलीतल्या पोरांची असते तशी. दातांच्या डॉक्टरांना लागणारं सामान मी विकतो. मेण, प्लॅस्टर, कवळीचे दात, चिमटे, खुर्च्या. गिऱ्हाईक समोर बसलं की मी भाव तोंडानं सांगत नाही. पाटीवर लिहितो आणि पाटी त्याच्याकडे फिरवतो. तो खाली आपला आकडा लिहितो. तोंडानं बोललेला भाव शेजारच्या दुकानापर्यंत जातो, पाटीवरचा दोघांतच राहतो. सौदा जमो की मोडो, मी पाटी तळहातानं स्वच्छ पुसतो आणि मगच खिळ्याला लावतो. नागपूरच्या सीताबर्डीपासून गोंदियापर्यंतचा कोणताही डॉक्टर सांगेल, की या माणसाशी घासाघीस करून अजून कोणी जिंकलेलं नाही.

एक माणूस जिंकला. त्याच्याविषयी हे लिहितो आहे.

त्यांना सगळे सर म्हणत, म्हणून मीही सर म्हणतो. मला त्यांनी एक दिवसही शिकवलं नाही. ते शहरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि कुठलीही बाहेरची परीक्षा त्या शाळेत आली की केंद्रप्रमुख तेच. दातांच्या कॉलेजात प्रवेश मिळवण्यासाठी त्या काळी एक परीक्षा असायची. कॉलेजचं नाव इथं लिहीत नाही, त्याच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण सरांशी होतं आणि ते मी बारा-तेरा वर्षं न चुकता चालवलं.

सरांना पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या फाटकात. मे महिना, नागपूरचं ऊन, सकाळी आठलाच रस्ता तापलेला, आणि हा माणूस गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट घालून अनवाणी उभा. चपला फाटकाशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेल्या. परीक्षेच्या दिवशी ते पायात काही घालत नसत. पायांचा आवाज झाला तर मुलांचं लक्ष मोडतं, असं त्यांचं म्हणणं. कोटाच्या एका खिशात गाठी मारलेला सुताचा दोरा होता. दोन बाकांमधलं अंतर त्या दोऱ्यानं मोजलेलं असे, दोन गाठी म्हणजे दोन गाठी. दुसऱ्या खिशात घंटेचा लोळा. शाळेची पितळी घंटा व्हरांड्यात टांगलेली असायची, पण तिच्या आतला लोळा सर आदल्या दिवशीच काढून घरी नेत. त्यांच्याशिवाय कोणाला घंटा वाजवता येऊ नये म्हणून. शिपाई बिचारा घंटेखाली नुसताच उभा राहायचा.

टेबलावर एक गजराचं घड्याळ असे, त्याचं तोंड आमच्याकडे. वेळ पाहायची झाली की सर उठून टेबलाला वळसा घालून पुढं येत, पाहत, आणि परत जाऊन बसत. घड्याळ उमेदवारांसाठी आहे, माझ्यासाठी नाही, असं ते सांगायचे. पंखे जोरात चालू असायचे आणि कागद उडू नयेत म्हणून प्रत्येक बाकावर कन्हान नदीतले दोन धुतलेले गोटे. जाताना गोटे मोजून परत द्यायचे. कोणी नदीतले गोटे चोरून नेईल असं त्यांना का वाटायचं, हे मला आजही कळलेलं नाही.

माझ्या रांगेत एका मोठ्या साहेबाचा मुलगा होता. त्याचे नवे बूट करकर वाजायचे. सरांनी त्याला बूट काढायला लावले. त्यानं वडिलांचा हुद्दा सांगितला. सरांनी खिशातून छोटी वही काढली, लाल पेन्सिलनं दोन वाक्यं लिहिली आणि त्याला वाचायला दिली. मी शेजारीच होतो, मलाही दिसली. लिहिलं होतं, "बूट वाजत होते. मी ऐकले." मुलानं मुकाट्यानं बूट काढले.

ही त्यांची लिहायची पद्धत होती. जे पाहिलं ते पाहिलं, जे ऐकलं ते ऐकलं, त्यापलीकडं एक अक्षर नाही. पाणी शिपाई जागेवर आणून द्यायचा. एका मुलीच्या हातून थेंब पडून उत्तरपत्रिकेवर शाई पसरली. ती रडकुंडीला आली. सर आले, डागाभोवती लाल रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, "डाग पाण्याचा. मी पाहिले." खाली सही. मुलीचं रडणं थांबलं. त्या तीन तासांत त्या हॉलमध्ये घडलेल्या कुठल्याही गोष्टीला त्या सहीइतका भक्कम पुरावा जगात नव्हता. आणि हीच माझी तक्रार आहे.

आता मुख्य गोष्ट. त्या वर्षी कागदाची टंचाई होती. उत्तरपत्रिका कशाबशा आल्या, पण कच्च्या कामाला द्यायचे कागद आलेच नाहीत. दुसऱ्या कोणी परीक्षा पुढं ढकलली असती, नाहीतर मुलांना प्रश्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला आकडेमोड करा म्हणून सांगितलं असतं. सरांनी मनपाच्या प्राथमिक शाळांतून दीडेकशे पाट्या गोळा केल्या. शिपायाला सोबत घेऊन त्या कोळशानं घासल्या. चौकटीवर पांढऱ्या रंगानं बैठक क्रमांक टाकले. पेन्सिली चरचर वाजू नयेत म्हणून त्या भिजत घातल्या. दातांचे डॉक्टर व्हायला आलेली एकशेचाळीस मोठी पोरं-पोरी मांडीवर पाट्या घेऊन बसली होती. शहरातली मुलं एकमेकांकडं बघून हसत होती. मी हसलो नाही. कुहीकडच्या आमच्या गावात मी चौथीपर्यंत पाटीवरच शिकलो. हात पाटीला लागला आणि मला वाटलं, आता हे सगळे एकीकडे आणि मी एकीकडे.

सर उभे राहिले आणि नियम वाचू लागले. नियम वाचून दाखवतो, समजावून सांगत नाही, एवढं आधी सांगितलं. सातवा नियम पाटीचा. पाटी पुसायची नाही. जागा संपली तर हात वर करावा, दुसरी पाटी मिळेल. वेळ संपल्यावर पाटी उत्तरपत्रिकेबरोबर जमा करावी.

घरी, दुकानात, रेल्वेच्या डब्यात, जिथं जिथं ही हकिगत मी सांगितली तिथं हा नियम वाचलाच नव्हता असं मी सांगत आलो. इथं खरं लिहितो. वाचला होता आणि मी ऐकला होता.

पेपर मला चांगला गेला. चांगला म्हणजे मी माझ्या तोंडानं सांगतो म्हणून नाही, शेवटची दहा मिनिटं मी नुसता उत्तरं तपासत बसलो होतो. घंटा झाली. शिपाई पाट्या गोळा करत येऊ लागला. माझ्यापर्यंत यायला तीन बाकं होती तेव्हा मी अंगठ्याला थुंकी लावली, शर्टाची बाही ओढली आणि पाटी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लख्ख पुसली. मग दोन्ही हातांनी दिली.

का पुसली? गावातल्या शाळेत गुरुजींच्या हातात भरलेली पाटी दिली तर तीच पाटी डोक्यावर बसायची. पाटी दुसऱ्याच्या हातात देताना पुसून द्यायची, हा आमच्यासाठी नियमही नव्हता. घरात शिरताना पाय धुवावेत असं कोणी पाटीवर लिहून ठेवतं का? सरांचा सातवा नियम मी ऐकला तो पेपर चालू असतानासाठी ऐकला. देताना पुसायची नाही, असं कोणी कधी म्हणू शकेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शहरातल्या पोरांनी बरबटलेल्या पाट्या एका हातानं ढकलून दिल्या आणि त्या सगळ्या चालल्या. मी रीत पाळली आणि अडकलो.

सर माझी पाटी घेऊन माझ्या बाकापाशी आले. उजेडात धरली, उलटी केली.

"कच्चं काम कुठे आहे?"

"पुसलं जी."

"का?"

"पाटी वापस देताना पुसूनच देतात न जी."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही, हे मला मान्य केलं पाहिजे. नवीनच काहीतरी ऐकल्यासारखे बघत होते. पण नियम नियमच. कोऱ्या पाटीवाल्याची उत्तरं आली कुठून, हा प्रश्न येतो. शेजाऱ्याची पाहिली असतील. असा संशय आला की उत्तरपत्रिका वेगळी बांधून चिठ्ठीसकट वर पाठवायची आणि वर बसलेले लोक ठरवतील. त्या परीक्षेत एकदा अशा चिठ्ठीवर नाकारला गेलेला उमेदवार पुन्हा कधीच बसू शकत नसे. हे फॉर्मवर छापलेलं होतं आणि ते मला पाठ होतं.

मग मी सौदा सुरू केला. माझ्या आयुष्यातला तो पहिला सौदा.

"मले दहा मिनिटं द्या. सारे गणितं तुमच्यासमोर पुन्हा करून दाखवतो."

"घंटा झाली."

"सारे नाही त पाच."

"घंटा झालेली आहे."

"तीन. कोणतेबी तीन तुमी सांगा. इथंच उभ्यानं करतो."

"घंटेनंतर उमेदवाराची पेन्सिल चालत नाही."

माझं डोकं लवकर तापतं, तेव्हा तर फारच लवकर तापायचं. मी बाकावर हात आपटला. गोटा उडून खाली पडला. सरांनी तो उचलला, जागेवर ठेवला आणि वही काढून चिठ्ठी लिहिली. मग मला म्हणाले, वाच, खरं असेल तर सही कर. त्यात होतं: "क्रमांक एक्क्याण्णव. पाटी कोरी मिळाली. मी पाहिले. विचारल्यावर पुसली असे सांगितले. मी ऐकले. बाकावर हात आपटला. मी पाहिले."

एकही शब्द खोटा नव्हता. मी सही केली. दुपारी हाताच्या कौशल्याची परीक्षा होती, खडू कोरून त्याचा दात करायचा. लहानपणी बैलांच्या शिंगांच्या गोंड्यापासून औताच्या खुंटीपर्यंत सगळं घरी केलेला माझा हात. माझा दात त्या हॉलमधला सगळ्यात चांगला दात होता. शिपायानंसुद्धा वाकून पाहिला. त्याचा काही उपयोग झाला नाही.

महिन्याभरानं गावात पत्र आलं. पोस्टमननं ते चौकातच फोडून वाचलं, कारण डॉक्टरकीचं पत्र म्हणून सगळे जमले होते. कच्चे काम न आढळल्यामुळे उत्तरपत्रिका विचारात घेतली नाही, असं त्यात होतं. नक्कल हा शब्द पत्रात कुठंही नव्हता. गावाला तो लिहून द्यावा लागत नाही, आणि परीक्षा पाटीवर झाल्याचं मी सगळ्यांना आधीच सांगून बसलो होतो. चौकातल्या पानठेल्यावर वडील रोज संध्याकाळी बसायचे. दुसऱ्याच दिवशी तिथं त्यांना कोणीतरी विचारलं, "काय गा, डॉक्टरसायबाची पाटी कोरी हाये का भरली?" लोक हसले. वडील उठले आणि त्यानंतर त्या ठेल्यावर गेले नाहीत. पान लागलं तर कुहीच्या बाजारातून आणायचे, नाहीतर नाही. मला त्यांनी कधी विचारलं नाही, की तू नक्कल केली का. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मला सांगता तरी आलं असतं.

मी नागपूरला आलो आणि गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात कामाला लागलो. तिथं दोन वर्षांत भाव करायला शिकलो. डॉक्टर होता आलं नाही तर डॉक्टरांना माझ्याकडे यावं लागेल असं काहीतरी करायचं, हे डोक्यात पक्कं होतं, पण ते पुढचं.

गांधीबागेतल्या त्या दुकानात एकदा सर आले. परीक्षेच्या टेबलांवर घालायला हिरवं कापड पाहिजे होतं. मला पाहिल्याबरोबर म्हणाले, "एक्क्याण्णव नंबर."

मी म्हटलं, "ओळखलं का?"

"पाटी कोरी होती," ते म्हणाले, जसं कोणी एखाद्याच्या गावाचं नाव सांगावं तसं.

माझ्या कानशिलात आग झाली. मी त्यांना भाव दुप्पट सांगितला. आता घासाघीस करतील, मग मी त्यांना ताटकळत ठेवीन, तीन म्हणतील तेव्हा घंटा झाली म्हणीन. हे सगळं मनात तयार होतं. सर उठले, नमस्कार केला आणि निघून गेले. ते भाव करत नसत. एकदा विचारायचे, पटलं तर घ्यायचे, नाही तर उठायचे. अशा माणसाशी भांडता येत नाही. मालकानं गिऱ्हाईक घालवलं म्हणून मलाच झापलं.

त्यानंतर मी स्वतःचा धंदा काढला. आधी पिशवीतून मेण आणि प्लॅस्टर घेऊन एसटीनं भंडारा, वर्धा, यवतमाळ फिरलो, मग सीताबर्डीत दुकान केलं. कोणाचा हात धरून वर आलो नाही. आज ज्या मुलांनी त्या दिवशी घाणेरड्या पाट्या दिल्या त्यांतले चारपाच जण माझ्याकडून खुर्च्या घेतात, आणि मी त्यांना एक पैसा सोडत नाही.

ऐंशीच्या दशकात, धंदा चांगला बसल्यावर, एका तरुण डॉक्टरानं हसत हसत सांगितलं, की एक निवृत्त मास्तर कवळी करायला आलेत आणि भंडावून सोडतात. कवळी वापरायचे नियम लेखी पाहिजेत, क्रमांक घालून. आणि माप घेताना डॉक्टरांनी तोंडात बोट किती वेळा घातलं ते वहीत लिहितात. मला नाव विचारायची गरज पडली नाही. मी डॉक्टरला म्हटलं, त्यांची कवळी मी पोचवतो.

दुकानातले सगळ्यात चांगले दात त्या कवळीला मीच दिले. डबी घेऊन स्कूटरवर महाल भागात त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, समोरच्या खोलीत एक टेबल आणि टेबलावर तेच घड्याळ. तोंड दाराकडे, येणाऱ्याला दिसेल असं. सर वाळले होते, दात नसल्यानं गाल आत गेले होते. त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, पाणी दिलं. सर म्हणाले, "एक्क्याण्णव."

मी डबी टेबलावर ठेवली आणि सांगितलं, की दात माझ्याकडून, त्याचं काही लागत नाही. मला एकच ओळ लिहून पाहिजे. या मुलानं नक्कल केली नव्हती, आणि खाली सही.

सर म्हणाले, "मी पाहिलं नाही."

मी उतरत गेलो. नक्कल केली असं वाटत नाही, एवढं लिहा. नाही. बहुतेक केली नसावी, एवढं तरी. नाही. मी विचारलं, तीन तास तुम्ही आमच्या मागं अनवाणी फिरत होता, मला कोणाच्या पाटीत डोकावताना पाहिलं का? त्यांनी सांगितलं, पाहिलं नाही, पण तुझ्या पाटीवर काही लिहिलेलं आहे हेही पाहिलं नाही. एकशेचाळीस जण होते. तुझ्यापाशी मी पोचलो तेव्हा पाटी कोरी होती. मग त्यांनी डबी माझ्याकडे सरकवली. बोळक्या तोंडानं जे म्हणाले ते नीट कळत होतं.

"मी आयुष्यभर पाहिलं तेवढंच लिहिलं. आता दातांसाठी न पाहिलेलं लिहू?"

काकू दारात होत्या. त्या मला म्हणाल्या, बाबा, यांच्या नादी लागू नको. यांची स्वतःची मुलगी एकदा यांच्याच केंद्रावर परीक्षेला आली आणि प्रवेशपत्र घरी विसरली. यांनी तिला फाटकातून परत पाठवलं. वर सांगितलं, देवाच्या कोनाड्यात आहे, सकाळी मी पाहिलं. पोरगी ऊर फुटेपर्यंत पळत आली आणि पळत गेली. वीस मिनिटं गेली तिची. सरांनी मध्येच दुरुस्ती केली, "सतरा."

मला हसू यायला पाहिजे होतं. आला तो राग. मी उभा राहिलो आणि तेरा वर्षांपूर्वीच्या आवाजात बोललो.

"पाहिलं नाही, पाहिलं नाही करून राहिले तुमी. मंग आता पाहा न जी. आणा पाटी."

सर उठले. मग काकूंना म्हणाले, नातीची पाटी आण. स्वतः आत गेले, लोखंडी पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि ते पिवळी पडलेली प्रश्नपत्रिका घेऊन आले. आमच्या वर्षाची. प्रत्येक वर्षाची एक ते ठेवत असत. आल्यावर मला चपला दाराबाहेर काढायला लावल्या. घड्याळ माझ्यासमोर केलं. पाण्याचा पेला उजव्या हाताला. कागदावर ठेवायला गोटा हवा म्हणून काकूंनी खलातला बत्ता दिला. मग उभे राहून त्यांनी सगळे नियम वाचले. मी एकटाच उमेदवार, तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत. सातवाही. या वेळी मी एक एक शब्द ऐकला.

"तू तीन म्हणाला होतास," ते म्हणाले आणि प्रश्नपत्रिकेवर तीन ठिकाणी बोट ठेवलं.

तेरा वर्षं ते मीच उराशी धरून बसलोय असं मला वाटत होतं.

पहिलं गणित द्रावणाचं होतं, किती मिठाच्या पाण्यात किती पाणी मिसळलं की किती टक्के उरेल. दुसरं काळ-कामाचं. तिसरं तरफेचं, ते जरा अडलं, कारण दुकानात तरफ लागत नाही. पण वजन-अंतराचा हिशोब शेवटी ताजव्याचाच असतो, तो सुटला. तिन्ही उत्तरं मी वहीच्या कागदावर लिहिली. पाटी दोन्ही बाजूंनी भरली होती. सर माझ्या डाव्या खांद्यामागं अनवाणी उभे होते, आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग खिशातून त्यांनी लोळा काढला. घंटा नव्हतीच. पितळी पेल्यावर तो एकदा वाजवला.

"वेळ संपली. पाटी."

मी कागद दिला. आणि पाटी दिली.

काकूंच्या तोंडून "अगं बाई" निघालं तेव्हा मला कळलं. मी खाली पाहिलं. माझा उजवा तळहात पांढरा झाला होता. सरांच्या हातातली पाटी लख्ख कोरी होती.

दुकानात दिवसातून वीस वेळा करतो तेच केलं होतं. भाव करायला माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. इतक्या वर्षांनी एक संधी मिळाली होती आणि ती मी स्वतःच्या हातानं पुसली होती, नियम ऐकून अर्धा तास झाला नव्हता.

सरांनी पाटी उजेडात धरली. उलटी केली. मग माझा हात मनगटाला धरून उजेडात धरला, जसा पाटी धरतात तसा. तळहात पाहिला. आणि ते हसायला लागले. त्यांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. दात नसलेल्या तोंडानं, आवाज न करता, खांदे हलेपर्यंत हसले. हसता हसताच टेबलाशी बसले आणि वही ओढली. लिहून झाल्यावर म्हणाले, वाच, खरं असेल तर सही कर.

"क्रमांक एक्क्याण्णव. तीन गणिते पाटीवर केली. मी पाहिले. उत्तरे बरोबर. मी तपासली. वेळ संपल्यावर पाटी पुसून दिली. पुसू नये हे सांगितले असतानाही पुसून दिली. मी पाहिले."

मी सही केली. त्यांनी पान नीट फाडून मला दिलं. त्यात नक्कल केली नव्हती असं कुठंच नव्हतं, हे माझ्या लगेच लक्षात आलं. एरवी मी तिथंच बसून आणखी एक ओळ काढून घेतली असती. त्या दिवशी मी तो कागद मिळाला तसा घेतला. दातांची किंमत मात्र त्यांनी डॉक्टरांकडे दिली, आणि एकदा विचारून, पटल्यावरच दिली. या वेळी मी डॉक्टरांना भाव बरोबर सांगून ठेवला होता.

त्याच रविवारी गावी गेलो. वडील ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं नाही, फक्त कागद वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग विचारलं, "पाटी पुसली, हे त्यायनं सोता पाहिलं?"

"हो."

"वापस देताना पुसली?"

"हो."

वडिलांना त्यात काय लिहिण्यासारखं आहे ते कळेना. "पाटी त पुसूनच देत असतात गा," ते म्हणाले. "हे काय कोणाले लिवून द्या लागते?"

पण कागद त्यांनी माझ्या हातातून घेतला. चार घड्या घालून बंडीच्या खिशात ठेवला, टोपी सारखी केली आणि काठी घेऊन चौकाकडे निघाले. पानठेल्याकडे. मी ओट्यावरून त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिलो.

दिवे लागायच्या वेळेला ते परत आले. ओठ पानानं लाल होते. कागद काही त्यांनी परत दिला नाही, आणि मी मागितला नाही.